मॉरी सरांचा अखेरचा वर्ग

नोव्हेंबर हा आपल्या दिवंगतांच्या स्मरणाचा महिना. २ तारखेला आपण कबरस्थानात जातो, कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि गेलेल्यांसाठी प्रार्थना करतो. १९९५ साली या दिवसानंतर दोनच दिवसांनी, म्हणजे ४ नोव्हेंबरला, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एका वृद्ध प्राध्यापकांनी आपल्या राहत्या घरी अखेरचा श्वास घेतला. त्यांचे नाव मॉरी श्वार्ट्झ. ते ज्यू कुटुंबात जन्मलेले होते. आपल्या श्रद्धेचे ते नव्हते. तथापि मरणाला सामोरे जाताना त्यांनी जे शिकविले, ते आपल्या घराघरांत पोहोचावे असे आम्हांला मनापासून वाटते.

मॉरी सर ब्रँडाइस विद्यापीठात समाजशास्त्र शिकवीत असत. विद्यार्थ्यांवर जीव लावणारा आणि नृत्याची अतोनात हौस असलेला हा माणूस. १९९४ साली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्यांना एएलएस हा मज्जासंस्थेचा असाध्य विकार झाल्याचे निदान झाले. या विकारात स्नायूंना हालचालीची आज्ञा देणाऱ्या मज्जापेशी हळूहळू मरत जातात. हातपाय लुळे पडतात, गिळणे अवघड होते आणि शेवटी श्वास घेणेही अशक्य होते. पुष्कळ रुग्णांची बुद्धी मात्र तल्लख राहते. आपले शरीर आपल्याला सोडून चालले आहे हे त्यांना उघड्या डोळ्यांनी पाहावे लागते. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग हाच विकार घेऊन पन्नासहून अधिक वर्षे जगले, परंतु तो विरळा अपवाद होय. बहुतेकांना दोन ते पाच वर्षेच मिळतात. मॉरी सरांना त्याहूनही कमी मिळाली.

त्यांनी ठरविले की, आपले मरण लपवून ठेवायचे नाही. आयुष्यभर शिकविले, आता मरणाचाही पाठ द्यायचा. १९९५ साली टेड कॉपेल या नामवंत पत्रकारांनी दूरचित्रवाणीसाठी त्यांच्या मुलाखती घेतल्या. मिच आल्बम या क्रीडापत्रकाराने त्या कार्यक्रमात आपल्या गुरूंना पाहिले. १९७९ साली पदवी घेताना संपर्कात राहण्याचे वचन त्याने त्यांना दिले होते आणि सोळा वर्षे ते पाळले नव्हते. तो धावत भेटीस गेला आणि मग दर मंगळवारी जात राहिला. त्या संभाषणांतून १९९७ साली ‘ट्यूजडेज विथ मॉरी’ हे पुस्तक जन्मास आले. गुरूंच्या औषधोपचारांचा खर्च भागावा, हा त्या लेखनामागील एक हेतू होता.

या वर्गात काय शिकविले गेले? पहिला पाठ असा की, प्रेमाचे शब्द वेळेवर बोलावेत. एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीवरून परतताना मॉरी सर खिन्न झाले. कारण त्या माणसाविषयी इतके सुंदर बोलले गेले, पण ऐकायला तो नव्हता. म्हणून त्यांनी आपल्या हयातीतच आप्तेष्टांना घरी बोलावले आणि आपल्या निरोपाचा समारंभ केला. लोक बोलले, रडले, हसले. आणि त्यांनी ते सारे स्वतःच्या कानांनी ऐकले.

दुसरा पाठ सेवा स्वीकारण्याचा. शौचाची स्वच्छतादेखील दुसऱ्याला करावी लागेल, याची त्यांना फार भीती वाटत असे. तो दिवस आला तेव्हा आधी त्यांना संकोच वाटला. मग त्यांनी विचार केला की, तान्हेपणी आपण असेच इतरांच्या हातांत होतो आणि त्यात लाजिरवाणे काहीच नव्हते. परावलंबी होणे म्हणजे अपमानित होणे नव्हे. सेवा करणे पुष्कळांना जमते. सेवा करू देणे ही त्याहून अवघड नम्रता आहे.

तिसरा पाठ क्षमेचा, आणि तो त्यांच्या स्वतःच्या चुकीतून आलेला. पत्नीच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी एका जिवलग मित्राने साधी विचारपूस केली नाही, म्हणून मॉरी सरांनी त्याच्याशी संबंध तोडले. मित्राने अनेकदा समेटाचा प्रयत्न केला, तो त्यांनी स्वीकारला नाही. पुढे तो मित्र कर्करोगाने वारला. ही सल सांगताना मृत्युशय्येवरील गुरूंना रडू आवरले नाही.

हा माणूस मरणाविषयी इतका मोकळा कसा झाला? त्याचे उत्तर त्यांच्या बालपणात आहे. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई इस्पितळात वारली. तार आली, रशियातून आलेल्या वडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हते, म्हणून त्या मुलालाच ती वाचावी लागली. पुढे सावत्र आई आल्यावर वडिलांनी बजावले की, धाकट्या भावाला खऱ्या आईविषयी काही सांगायचे नाही. घरातील ते मौन त्यांनी जन्मभर वाहिले. आपल्या मरणाभोवती तसे मौन नको, हा त्यांचा निर्धार होता.

येथे आम्हांला आपली घरे आठवतात. आजाऱ्याला भेटण्यासाठी आम्ही जातो तेव्हा कितीदा तरी ओटीवरच थांबवून कानात सांगितले जाते, “फादर, त्यांना ठाऊक नाही हं, बोलण्यात येऊ देऊ नका.” आत गेल्यावर तो रुग्ण आमचा हात धरून हळूच म्हणतो, “फादर, मला सगळे कळते. पण घरच्यांना सांगू नका, ते घाबरतील.” दोन्ही बाजूंनी प्रेम आहे आणि त्याच प्रेमापायी मध्ये भिंत उभी आहे. प्रत्येकाला सारे काही एकदम सांगून टाकावे असे आम्ही म्हणत नाही. किती जाणून घ्यायचे हे रुग्णाने ठरवावे. परंतु त्याने विचारले तर विषय बदलू नये. जवळ बसावे, हात हाती घ्यावा, माफी मागायची असेल तर मागून घ्यावी.

आणखी एक गोष्ट. मॉरी सर अखेरचे दोन दिवस बेशुद्ध होते, घरचे पाळीपाळीने उशाशी बसत. सारे क्षणभर खोलीबाहेर गेले असताना त्यांनी प्राण सोडला. ‘शेवटच्या क्षणी मी जवळ नव्हतो’ ही टोचणी पुष्कळजण वर्षानुवर्षे बाळगतात. अशांना आम्ही सांगू इच्छितो की, एका क्षणाच्या गैरहजेरीने आयुष्यभराची सोबत पुसली जात नाही.

मॉरी सरांनी आपल्या कबरीची जागा स्वतः निवडली होती आणि तेथे येऊन बोलत राहा, असे शिष्याला सांगितले होते. आपणही या महिन्यात कबरींपाशी उभे राहून मनातले बोलणार आहोत. त्यापूर्वी, प्रिय वाचकहो, घरातील किंवा शेजारच्या आजारी माणसाच्या खाटेपाशी घटकाभर बसून यावे. तेथे बोललेले ऐकणारा अजून आहे.