चालायला पैसे कशाला?
(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला)

महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर ‘नाणेघाट पदभ्रमण’ अशी सूचना लागली, तेव्हा ती मी पुरती वाचलीसुद्धा नाही. ज्या सूचनेत ‘वर्गणी’ हा शब्द असतो ती लांबूनच ओळखायची सवय आमच्यासारख्या मुलींना आपोआप लागते. वर्गणी होती दीडशे रुपये. त्यात गाडीभाडे आणि वाटाड्याचे मानधन आले. डबा ज्याचा त्याने आणायचा.

घरी सहज म्हणून सांगितले, तर वडील हसले. “आगं, चालायला पैसं द्यायचं? आपण जल्मभर फुकाटच चालतोय की!” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आमच्या वाडीपासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत मी रोज पाऊण तास चालते. आई हिरड्यासाठी रानात जाते तेव्हा किती कोस होतात, हे तिने कधी मोजलेले नाही. ज्याला चालणे टाळता येते त्याच्यासाठी चालणे ही हौस. आमच्यासाठी ते कामच. शिवाय मुलींनी मुलांबरोबर रानात दिवसभर जायचे, हा प्रश्न वडिलांनी बोलून दाखवला नाही तरी तो हसण्यामागे होताच.

मग मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगून पाहिले. वडील दोनदा पंढरीच्या वारीला गेलेले आहेत. वारीला एकट्यानेही जाता येते, पण माणूस दिंडीतच का जातो? दिंडीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते, पुढे कोण, मागे कोण हे ठरलेले असते, मुक्काम ठरलेला असतो, आणि कोणी मागे राहिला तर त्याची चौकशी होते. वाटाड्यासह काढलेले पदभ्रमण हे याच जातीचे. फरक इतकाच, की दिंडी देवाकडे जाते आणि आम्ही एका लेण्याकडे जाणार होतो. वडिलांना हे थोडे पटले. परंतु खरा निकाल लावला तो आजीने. तिचे माहेर घाटाखालचे, मुरबाडकडचे. ती नवरी होऊन वर आली ती याच घाटाने, पायी. “माझ्या माह्यारची वाट हाये ती. जाऊ द्या पोरीला,” ती म्हणाली, आणि कनवटीचे पन्नास रुपये तिनेच काढून दिले.

हे सर्व सविस्तर सांगण्याचे कारण असे, की आमच्या वर्गातील कितीतरी जणींचे नाव यादीत लागत नाही ते पाय दुखतात म्हणून नव्हे, तर याच दोन प्रश्नांपाशी अडते म्हणून. पदभ्रमण म्हणजे नेमके काय, तिथे कोण असते, काय होते, हे घरी नीट सांगता आले तर पुष्कळ काम सोपे होईल. म्हणून जे पाहिले ते लिहिते.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी पहाटे आम्ही अडतीस जण निघालो. गाडी गणेश खिंडीतून मढला, तिथून माळशेज घाट उतरून वैशाखरे गावाजवळ गेली. तिथे आम्ही उतरलो आणि गाडी पुन्हा वळसा घेऊन जुन्नरमार्गे घाटघरला आम्हाला घ्यायला गेली. म्हणजे घाट खालून वर चढायचा. असे का, हा प्रश्न मलाही पडला होता. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो, पाय घसरण्याची भीती अधिक. शिवाय नवशिक्याची दमछाक सकाळच्या गारव्यातच उरकते. जुने व्यापारी तांडेही कोकणातला माल घेऊन असेच वर येत असणार. तेव्हा वाट ज्या क्रमाने त्यांना दिसली त्याच क्रमाने ती आपल्याला दिसते.

वाटाडे होते घाटघरचे एक साठीचे गृहस्थ. त्यांना सगळे ‘मामा’ म्हणत. त्यांनी चालण्यापूर्वी पाच मिनिटे आम्हाला उभे केले आणि दोनच गोष्टी सांगितल्या. “माझ्या म्होरं कुणी जायाचं नाय. आन् त्या लाल टोपीच्या मागं कुणी ऱ्हायाचं नाय.” लाल टोपी आमच्या इतिहासाच्या सरांच्या डोक्यावर होती. समूहाने चालण्याचे सगळे शास्त्र या दोन वाक्यांत आहे, हे तेव्हा कळले नाही. पुढचा वाट दाखवतो, मागचा कोणी सुटू देत नाही, आणि या दोघांच्या मध्ये जो आहे तो सुरक्षित. प्रत्येक विसाव्याला मोजणी व्हायची. अडतीस भरले की मगच पुढे.

मला वाटले होते, मी खेड्यातली. मी सर्वांत पुढे असेन. मामांनी माझी चाल पाहिली आणि मला उचलून चक्क शेवटी, लाल टोपीजवळ ठेवले. पुढे मात्र आमच्या इंग्रजीच्या बाईंना घेतले. त्यांना दम लागतो, आणि त्यांचे निवृत्तीचे वय जवळ आलेले. मी मनातून रुसलेच. पण थोड्या वेळाने त्यातले मर्म ध्यानी आले. सर्वांत सावकाश चालणारा पुढे असला की साऱ्या रांगेची चाल त्याच्या श्वासाला बांधली जाते आणि रांग तुटत नाही. तोच मागे असला तर पुढचे थांबून त्याची वाट पाहतात. तो पोहोचतो तोवर त्यांचा विसावा संपतो आणि ते उठून चालू लागतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज, त्यालाच ती मिळत नाही. आणि जे दणकट असतात त्यांनी मागे राहायचे, कारण कोणाची पिशवी घ्यायची, कोणाला हात द्यायचा, हे काम मागेच निघते. माझ्या वाट्याला त्या दिवशी तीन पिशव्या आल्या.

माझीही फजिती व्हायची ती झालीच. मला बूट नव्हते, म्हणून मैत्रिणीचे एन.सी.सी.चे बूट मागून आणले होते. निम्म्या वाटेवर टाचेला फोड आला. रोज चपलेवर डोंगर तुडवणारी मी, आणि उसन्या बुटाने लंगडले! सरांनी पट्टी लावली आणि सांगितले, की पदभ्रमणाला नवे किंवा उसने पादत्राण कधी घालू नये. मागच्या पट्ट्याची, पायाला सरावलेली सँडल त्यापेक्षा बरी. बाकी सामानाचे म्हणाल तर दोन लिटर पाणी, डबा, गुळाचा खडा, टोपी किंवा रुमाल आणि कचरा परत आणण्यासाठी एक रिकामी पिशवी. एवढ्यावर भागते. दुकानातल्या महागड्या पाठपिशव्या पाहून कोणी बिचकू नये.

वाट सुरुवातीला झाडीतून जाते. इथे मला एक गंमत अनुभवास आली. भूगोलाच्या सरांनी कड्याकडे बोट करून त्यातले आडवे थर दाखवले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे लोट एकावर एक पसरत गेले आणि थिजले, त्यातून हा बेसाल्टचा सह्याद्री झाला, हे त्यांनी सांगितले. हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. पण ते थर बोटाने मोजता येतात हे ठाऊक नव्हते. उलट मामांनी कारवी दाखवली. ती सात वर्षांनी एकदा फुलते, हे ऐकून शहरातल्या मुली चकित झाल्या. मला मात्र कारवी म्हणजे आमच्या घराचा कूड, एवढेच माहीत. फुलते तेव्हा ती कशी दिसते, हे मी आईला विचारायला हवे होते. पुढे हिरड्याचे झाड आले. सरांनी त्याचे शास्त्रीय नाव व औषधी गुण सांगितले. मी न राहवून म्हणाले, की उन्हाळ्यात कोवळी फळे गोळा करून वाळवली की त्याचा बाळहिरडा होतो, आणि आमच्याकडे कित्येक घरांची वह्यापुस्तके त्याच्यावर येतात. सगळे माझ्याकडे वळून पाहू लागले. वर्गात मी कधी हात वर करत नाही. त्या दिवशी वीसेक मिनिटे मीच बोलत होते, आणि बाई प्रश्न विचारत होत्या!

मध्यंतरी एक प्रसंग घडला. आमच्यातला एक जण मामांना ओलांडून पुढे सटकला. जिथे वाट वळते तिथे त्याने सरळ जाणारी पायवाट धरली. ती ढोरवाट होती. गुरे जिथे चरायला जातात तिथे अशा शंभर वाटा फुटतात आणि शेवटी झुडपात संपतात. मोजणीत सदतीस भरले. मामांनी सर्वांना जागेवर बसवले, कोणालाही शोधायला जाऊ दिले नाही, आणि स्वतः एकटे गेले. पाऊण तासाने दोघे आले. त्या मुलाच्या खिशात मोबाईल होता, पण तिथे त्याला संपर्काची एक काडीही मिळाली नव्हती. मामा त्याला काही बोलले नाहीत. पुढचा सबंध चढ त्याला आपल्या मागोमाग चालवले, एवढेच.

चढाच्या शेवटी वाट दोन कड्यांच्या अरुंद घळीत शिरते. पायाखाली दगडी फरसबंदी लागते आणि बाजूला ते प्रसिद्ध लेणे. इथे वाटाड्या नसता तर मी सावलीत बसून डबा खाऊन निघाले असते. भिंतीवर पुसट रेघोट्या दिसतात, इतकेच. सरांनी उलगडून सांगितले. सातवाहनांच्या काळात कोकणातील बंदरांहून जुन्नर आणि पुढे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण, इकडे जाणारा माल या घाटाने वर येई. भिंतीवरचा लेख ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत आहे आणि तो नागनिका राणीशी संबंधित मानला जातो. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची नोंद आहे. गायी किती, घोडे किती, कार्षापण नाणी किती, असा सगळा हिशेब. आणि हे आकडे अंकांत कोरलेले आहेत. आपल्या अंकांच्या अगदी जुन्या रूपांपैकी काही इथे आहेत. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजी यांनी या लेखाचा अभ्यास केला. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता मूर्ती नाहीत, वरची नावे आणि पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्या आहेत. त्यांत राणीचे नाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईचे नाव तिथे वाचले, आणि माझ्या मनात आले की याच फरसबंदीवरून माझी आजी गेली, तिचे नाव कुठेही नाही.

घळीच्या वर तो दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी जमा करीत असे सांगतात. “सांगतात” हा शब्द सरांनी दोनदा उच्चारला. लेखात काय आहे आणि लोकांत काय सांगितले जाते, हे वेगळे ठेवावे, असा त्यांचा आग्रह. मामांना तो फारसा आवडला नाही. “आमच्या बापजाद्यांनी काय खोटं सांगितलं व्हय?” असे ते हळूच म्हणाले. मला दोघांचेही पटले, आणि हे दोघे एका वाटेवर बरोबर होते म्हणूनच दीडशे रुपये वसूल झाले असे वाटले.

माथ्यावरून समोर नानाचा अंगठा, बाजूला जीवधन किल्ला आणि त्याला लागून उभा वानरलिंगी सुळका दिसतो. पावसाळ्यात इथला उलटा धबधबा पाहायला झुंडी लोटतात. त्यात चमत्कार काही नाही. नैर्ऋत्येचा जोरदार वारा उभ्या कड्यावर आपटतो, त्याला वरच जावे लागते, आणि जाताना तो पडणारे पाणी उडवून परत माथ्यावर आणतो. पण जो वारा पाणी उचलतो तो कड्याच्या टोकावरच्या माणसाचा तोलही घालवू शकतो. राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यात असे उपक्रम चालवणाऱ्यांनी नोंदणी करावी आणि सुरक्षिततेचे नियम पाळावेत असे आहे. तेव्हा बाहेरच्या एखाद्या संस्थेबरोबर जायचे असेल तर नोंदणी आहे का, वाटाड्या स्थानिक आहे का, प्रथमोपचाराची पेटी आहे का आणि किती जणांमागे एक जबाबदार माणूस आहे, हे बेलाशक विचारावे. विचारल्याचा ज्याला राग येतो त्याच्याबरोबर जाऊ नये. गो. नी. दांडेकरांसारखी माणसे आयुष्यभर डोंगर हिंडली, ते वाचून आपणही एकटेच निघावे असे पुष्कळांना वाटते. पण त्यांच्यापाशी होती ती वाटांची ओळख आधी मिळवावी लागते.

घाटघरला गाडी उभी होती. मोजणी झाली; अडतीस.

रात्री घरी पोहोचले तेव्हा वडील दाराशीच होते. काही बोलले नाहीत, पण टाचेचा फोड पाहून गरम पाणी त्यांनीच आणून दिले. आजी जागी होती. राणीचे, लेखाचे, यज्ञांचे मी भरभरून सांगत होते. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. मध्येच तिने विचारले, “त्या लेण्यापाशी पाण्याचं टाकं हाये, त्यात पानी व्हतं का गं?”

होते, म्हणून सांगितले. “मंग बरं,” ती म्हणाली. वर येताना पहिला घोट तिथेच घेतला होता म्हणे, सासर अजून लांब होते.

पुढचे पदभ्रमण जीवधनला आहे. यादी इतिहास विभागात लावली आहे. माझे नाव सहावे आहे, आणि आमच्या वाडीतल्या आणखी दोघींची नावे त्याखाली आहेत.