लॅटिनपासून मराठीपर्यंत : एका उपासनेचा मागोवा

अकोल्याहून वाशीमकडे जाताना पातूर मागे पडल्यावर मालेगाव तालुक्यातील मेडशी लागते. हा सारा मुलूख कॅथलिक व्यवस्थेत 1955 साली निर्माण झालेल्या अमरावती धर्मप्रांताच्या हद्दीत मोडतो. जोसेफ रोझारिओ हे त्याचे पहिले बिशप. धर्मप्रांत स्थापन झाला त्या वेळी धर्मगुरू वेदीकडे मुख आणि भाविकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये मिस्सा अर्पण करीत, आणि त्या भाषेशी परिचय नसलेले भाविक जपमाळ ओढीत श्रद्धेने, परंतु मूकपणे, त्या विधीचे साक्षी होत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनाविषयक संविधान 2147 विरुद्ध 4 अशा मताधिक्याने मंजूर केले आणि लोकभाषेला वेदीवर प्रवेशाची मुभा मिळाली. पुढच्याच वर्षी मुंबईत भरलेल्या जागतिक ख्रिस्तप्रसाद परिषदेला पोप सहावे पॉल जातीने आले. त्याच सुमारास ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या उपवासाची मुदत एका तासावर आली. नव्या मिस्साविधीचा अंमल 30 नोव्हेंबर 1969 पासून सुरू झाला, तर केवळ मरणोन्मुखाचा मानला गेलेला तैलाभ्यंग 1972 च्या सुधारणेने गंभीर आजाऱ्याला बळ देणारा संस्कार म्हणून पुन्हा प्रतिष्ठित झाला.

यांहून अधिक वादग्रस्त ठरली ती भारतीय बिशपांची तजवीज. वहाणा काढून उपासनेला बसणे, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून नमन करणे, पुष्प, धूप व दीप यांनी आरती करणे, अशा बारा बाबींना रोमने 25 एप्रिल 1969 रोजी मान्यता दिली. कित्येक जुन्या भाविकांना हा परधर्माचा अनुनय वाटला. कित्येकांना मात्र आपल्याच घरातील रीत प्रथमच मंदिरात मान्य झाल्याचे समाधान लाभले.

या स्थित्यंतराचे खरे श्रेय भाषांतरित प्रार्थनेपेक्षा भाविकाला मिळालेल्या वाट्याला आहे: प्रेक्षकाचा तो सहभागी झाला, शास्त्रपाठ वाचू लागला, गाऊ लागला. परंतु तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने आणि गाडगे महाराजांच्या कीर्तनाने घडलेल्या या वऱ्हाडात प्रमाण मराठीवरच थांबणे म्हणजे अर्ध्या वाटेवर मुक्काम करणे होय. परवानगी केव्हाच मिळाली आहे. वऱ्हाडी वळणाची भजने रचून ती वेदीपाशी गाण्याचे काम आता इथल्या भाविकांनीच हाती घ्यावे.