नवजात बाळाच्या किडनीची इजा वेळेत कशी ओळखतात?

जन्मल्यावर न रडलेलं बाळ अतिदक्षता विभागात आलं, की सगळ्यांचं लक्ष त्याच्या श्वासाकडे आणि मेंदूकडे असतं. ते योग्यच आहे. पण त्याच तासांत बाळाचं शरीर हृदय आणि मेंदू वाचवण्यासाठी मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त कमी करत असतं. जंतुसंसर्गाने रक्तदाब खाली गेला तरी मूत्रपिंडांना फटका बसतो. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाची अडचण तर आणखी मूळची आहे. मूत्रपिंडातले रक्त गाळणारे सूक्ष्म घटक गर्भाच्या साधारण ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत तयार होत असतात. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ अर्धवट घडलेली मूत्रपिंडं घेऊन येतं.

किती बाळांना ही इजा होते?

'अवेकन' या अभ्यासात भारत, अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या २४ केंद्रांमध्ये २०१४च्या पहिल्या तीन महिन्यांत दाखल झालेल्या बाळांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २,०२२ बाळांपैकी ६०५ जणांच्या, म्हणजे सुमारे ३० टक्के बाळांच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण जवळपास १० टक्के होतं, तर इतर बाळांमध्ये दीड टक्क्याहून कमी.

एका रिपोर्टवर भागत नाही

मोठ्या माणसाची किडनी तपासायची तर रक्तातलं क्रिएटिनिन पाहतात. नवजात बाळात हाच आकडा फसवतो. पहिल्या दिवशीचं क्रिएटिनिन बरंचसं आईचं असतं, ते वारेतून बाळाकडे आलेलं असतं. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात ते पहिल्या एक-दोन आठवड्यांत उतरत जातं. फार लवकर जन्मलेल्या बाळात ते आधी थोडं चढतं, मग सावकाश उतरतं.

म्हणून पाचव्या दिवशी ०.९ मिलिग्रॅम असा रिपोर्ट आला आणि शेजारी मोठ्यांसाठीची 'नॉर्मल' मर्यादा छापलेली असली, तर निश्चिंत होऊन चालत नाही. उतरायला हवं होतं ते उतरलं नाही, हीच खूण असू शकते. सध्याच्या निकषांनुसार ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅमची वाढ, किंवा आधीच्या सर्वांत कमी आकड्याच्या दीडपटीपर्यंत वाढ, म्हणजे इजेची पहिली पायरी. आधीचा आकडाच नसेल तर तुलना कशाशी करणार? गंभीर बाळाच्या बाबतीत ठरावीक अंतराने तपासणी करण्याचा आग्रह त्यासाठीच धरायला हवा.

आणखी एक अडचण प्रयोगशाळेतली. क्रिएटिनिन मोजण्याच्या जुन्या 'जाफे' पद्धतीत काविळीच्या बिलिरुबिनमुळे आकडा चुकू शकतो. नवजात कक्षात कावीळ रोजचीच, तेव्हा तिथे एन्झाइम पद्धतीची चाचणी असणं चांगलं. शिवाय अंगात पाणी साठलं की क्रिएटिनिन पातळ होऊन कमी दिसतं.

लंगोटाचं वजन

मला सर्वांत मोलाची वाटते ती लघवीची नोंद. कोरडा लंगोट आधी तोलायचा, ओला झाल्यावर पुन्हा तोलायचा. एक ग्रॅमचा फरक म्हणजे साधारण एक मिलिलिटर लघवी. दर किलोमागे दर तासाला एक मिलिलिटर किंवा त्याहून कमी लघवी दिवसभर होत असेल तर तो इशारा. दोन किलोच्या बाळासाठी हा हिशेब दिवसाला ४८ मिलिलिटर होतो. वॉर्मरखाली लंगोट लवकर सुकतो, म्हणून तो ओला झाल्याबरोबर तोलावा लागतो. रात्रपाळीत एका परिचारिकेकडे बरीच बाळं असतील तर हे काम मागे पडतं, आणि त्याची किंमत बाळ मोजतं. पुरेशा परिचारिका हासुद्धा किडनीच्या उपचाराचाच भाग आहे.

लघवी व्यवस्थित होते म्हणून मूत्रपिंडं सुखरूप आहेत असं मात्र नाही. जन्मतः गुदमरलेल्या किंवा जेंटामायसिनसारखी औषधं चालू असलेल्या बाळांत भरपूर लघवी होत असतानाही इजा होते. म्हणून लघवी, रोजचं वजन आणि क्रिएटिनिन ही तिन्ही एकत्र पाहावी लागतात.

औषधांची यादी

जेंटामायसिन, अमिकासिन, व्हँकोमायसिन, इंडोमेथासिन ही औषधं मूत्रपिंडांना इजा करू शकतात, पण अनेकदा टाळता येत नाहीत. अमेरिकेत अलाबामातल्या एका बालरुग्णालयाने अशी औषधं तीन किंवा अधिक एकत्र, किंवा अशी प्रतिजैविकं सलग काही दिवस मिळणाऱ्या बाळांचं क्रिएटिनिन रोज मोजायला सुरुवात केली. अनावश्यक औषधं वेळीच थांबली आणि किडनीची इजाही कमी झाली.

नव्या चाचण्या

२००५मध्ये सिनसिनाटीच्या प्रसाद देवराजन यांच्या गटाने हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये मांडला. क्रिएटिनिनला इजा दाखवायला एक ते तीन दिवस लागले, तर 'एनगॅल' हे प्रथिन दोन तासांत वाढलेलं दिसलं. पण जंतुसंसर्गातही ते वाढतं आणि बाळ किती आठवड्यांचं आहे त्यानुसार बदलतं. 'सिस्टॅटिन सी' हे दुसरं प्रथिन आईकडून बाळाकडे फारसं जात नाही, हा त्याचा फायदा. या चाचण्या उपयोगी ठरतील, पण लंगोट तोलायची सोय नसलेल्या कक्षात त्यांच्यावर आधी खर्च करणं मला पटत नाही.

लवकर कळून काय होतं?

इजा भरून काढणारं खात्रीचं औषध नाही. पण सलाइनचं प्रमाण बदलता येतं, औषधांची मात्रा किंवा अंतर सुधारता येतं, रक्तदाब सावरता येतो, पोटॅशियमवर नजर ठेवता येते. गरज पडलीच तर पोटातून डायलिसिसची तयारी वेळेत होते.

बाळ घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर किडनीला इजा झाली होती हे स्पष्ट लिहून घ्यावं. एरवी मुलांचा रक्तदाब तीन वर्षांनंतर नियमित मोजतात. या बाळांचा त्याआधीपासून मोजावा, आणि पुढे कुठलंही वेदनाशामक देण्यापूर्वी डॉक्टरांना ते कार्ड दाखवावं.