खांद्याने आखलेला जलप्रवास

कॅनडातील टोरांटो शहरातून मोटारीने उत्तरेकडे निघाले असता सुमारे तीन तासांनी मेपल आणि पाइन वृक्षांची जी अफाट वनश्री सुरू होते, तिला अल्गोंक्विन प्रांतीय उद्यान असे नाव आहे. परंतु ‘उद्यान’ या शब्दाने कारंजी आणि फुलांचे ताटवे डोळ्यांसमोर येत असतील, तर ते चित्र प्रथम पुसून टाकले पाहिजे. १८९३ साली राखीव केलेल्या या सुमारे ७,६०० चौरस किलोमीटरांच्या प्रदेशात दोन हजारांहून अधिक सरोवरे आहेत. हमरस्ता दक्षिणेच्या एका पट्ट्यातून जातो. त्यापलीकडच्या गाभ्यात शिरायचे, तर कनू नावाची निमुळती, हलकी होडी हेच खरे वाहन. काश्मिरात ज्या भूर्जाच्या सालीवर आपल्या पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच कुळातील वृक्षाच्या सालीपासून येथील अनिशिनाबे लोकांनी ही होडी घडविली, आणि तिचा आकार आजही फारसा बदललेला नाही.

ही सरोवरे सर्वत्र परस्परांशी जोडलेली नाहीत. मधली जमीन ओलांडताना होडी आणि सामान दोन्ही स्वतःच वाहून न्यावी लागतात. या खुष्कीच्या वाटेला ‘पोर्टेज’ म्हणतात, आणि तिच्या तोंडाशी पिवळी पाटी असते. होडीच्या मध्यभागी, मानेपुरती खाच ठेवून, एक आडवी लाकडी दांडी बसविलेली असते. तिचे तिकडचे नाव आणि आपल्या बैलांच्या मानेवरचे ‘जू’ यांचा अर्थ एकच आहे. होडी उलटी करून डोक्यावर घेतली आणि ते जू खांद्यांवर टेकले, म्हणजे आकाश, सरोवर, सोबती सारे अदृश्य होऊन पुढची दोन-चार पावलांची वाट, तिच्यात आडवी आलेली मुळे आणि चिखलात उमटलेले मूस हरणाचे खूर, एवढेच जग शिल्लक राहते. माझ्या मते या प्रवासाची सारी आखणी नकाशापेक्षा या खांद्याला विचारून करावी.

हिशेब सोपा आहे. वाट एक किलोमीटरची असेल आणि सारा सरंजाम एका खेपेत जात नसेल, तर भरलेली खेप, रिकामे परतणे आणि पुन्हा भरलेली खेप, अशी तीन किलोमीटर चाल पडते. दिवसात अशा तीन वाटा आल्या, की वल्हविण्याचा उत्साह मुक्कामापर्यंत पुरत नाही. म्हणूनच नवख्याने ‘कनू लेक’ या सरोवरापासून ‘जो लेक’ या सरोवराकडे जाणारी, सुमारे ३०० मीटरांची वाट पहिल्यांदा निवडावी.

मार्ग ठरला, म्हणजे परवाना. तो पाच महिने आधीपासून मिळतो आणि त्यात प्रत्येक रात्रीचे सरोवर नमूद करावे लागते. त्या सरोवराकाठची नेमकी जागा मात्र प्रथम येईल त्याची; नारिंगी पाटीची मोकळी जागा दिसली, की तेथे उतरावे. एका जागेवर नऊ माणसांहून अधिकांना मुभा नाही. हंगामाचा विचारही आताच करावा. बर्फ साधारणतः एप्रिलअखेरीस वितळते, पण मे-जूनमध्ये काळ्या माशा आणि डास जीव नकोसा करतात. ऑगस्टची अखेर आणि सप्टेंबर हा काळ सर्वांत सुखाचा.

शिदोरीच्या बाबतीत डबाबंद पदार्थ आणि काचेच्या बाटल्या यांना अंतर्भागात मनाई आहे. कोरडे, हलके अन्न न्यावे. मेतकूट, भाजणी आणि भाजलेले पोहे अशा वेळी फार उपयोगी पडतात. रात्री मात्र अन्नच नव्हे, तर दंतमंजनासह प्रत्येक वासाची वस्तू पिशवीत घालून, जमिनीपासून चार मीटर उंच आणि खोडापासून दोन मीटर दूर दोरीने टांगावी. काळ्या अस्वलाचे घ्राणेंद्रिय अत्यंत तीक्ष्ण असते, आणि माणसाच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाला पुढे बहुधा स्वतःच्या प्राणांनी किंमत मोजावी लागते.

पाण्याचा इतबार धरू नये. वारा बहुधा दुपारी चढतो, म्हणून मोठी सरोवरे सकाळीच पार करावीत आणि तरंगजाकीट अंगावरून काढू नये. याच परिसराची चित्रे काढून अमर झालेला टॉम थॉमसन अनेक हंगाम या पाण्यावर वावरला होता. तरी जुलै १९१७ मध्ये कनू लेकमध्येच त्याचा मृतदेह सापडला. आपला मार्ग आणि परतीचा दिवस घरच्या माणसाला लिहून द्यावा, कारण आत गेल्यावर दूरध्वनीचा भरवसा नाही.

इतकी तजवीज झाली, म्हणजे घरी ठेवून आलेल्या प्रत्येक वस्तूचे मोल त्या वाटेवर कळते. घामाने निथळत शेवटचा उतार उतरावा, होडी हळूच पाण्यात सोडावी, जू गेलेल्या खांद्यांना वाऱ्याची झुळूक लागावी आणि पैलतीरावरून लून पक्ष्याची दीर्घ, कातर हाक यावी. त्या क्षणी खांदा ओझे विसरतो आणि हात आपोआप वल्ह्याकडे जातो.