शटरचं वजन कोण पेलतंय?

नगर-जामखेड रस्त्यालगत कडा गावात अलीकडे जी घरं उभी राहिली, त्यांचा नकाशा बहुतेक ठरलेला असतो : खाली गाळा, वर घर. दिवसा गाळ्यात खताचं नाहीतर किराण्याचं दुकान, रात्री तिथेच गाडी. परदेशात ज्याला गॅरेज म्हणतात ते आपल्याकडे हेच, आणि त्याचं दार म्हणजे शटर. आता या शटरला मोटर लागू लागली आहे. म्हाताऱ्या माणसांची कंबर वाचते, पावसात गाडीतून उतरावं लागत नाही. सोय चांगलीच आहे. पण मोटर घेताना भाव विचारतात, वॉरंटी विचारतात, आणि एक प्रश्न राहून जातो : हे वजन नेमकं कोण पेलतंय?

वजन थोडं नसतं. सव्वा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा चौरस मीटरला जवळजवळ 10 किलो भरतो. एकमेकींत अडकवलेल्या पट्ट्यांना वळणामुळे पत्रा आणखी लागतो. 10 बाय 10 फुटांचं शटर म्हणूनच 100 किलोच्या वर सहज जातं. ते आपण एका हाताने वर सरकवतो, कारण वरच्या पत्र्याच्या डब्यात, पाइपावर, पीळ दिलेल्या स्प्रिंगा बसलेल्या असतात. शटर खाली येताना त्या आवळल्या जातात आणि वर जाताना तोच ताण आपल्याला परत देतात. ‘शटर जड जातंय’ ही तक्रार बहुतेक वेळा या स्प्रिंगांचीच असते.

मोटर दोन तऱ्हांनी बसते. पाइपाच्या मधोमध बसणाऱ्या मोटरीत स्प्रिंगा तशाच राहतात; वजन त्या पेलतात, मोटर फक्त पाइप फिरवते. बाजूला साखळीवर बसणाऱ्या मोटरीत बहुधा स्प्रिंगा नसतात. तिथे सगळं वजन साखळी, गिअर आणि ब्रेकवर लटकतं. आपल्याकडे यातलं काय आहे हे बसवणाऱ्याकडून विचारून घ्या आणि डब्यावर रंगाने लिहून ठेवा. कारण पहिल्या प्रकारात स्प्रिंग मेली की मोटर बिचारी एकटी ओढत राहते आणि लवकरच जळते. दुसऱ्यात साखळी तुटली किंवा ब्रेक निसटला, तर शटर थेट खाली. बाजूच्या मोटरीला पाइपाच्या दुसऱ्या टोकाला वेगळा सेफ्टी ब्रेक लावता येतो. पाइप अचानक वेगाने फिरू लागला की तो शटर अडवतो. खर्च वाढतो, पण जिथे खालून माणसं जातात-येतात तिथे मी तो सोडणार नाही.

स्प्रिंग तपासणं अवघड नाही. मधल्या मोटरीचा क्लच दोरीने सोडवा आणि बाजूला उभं राहून शटर कमरेएवढं उचला. ते तिथेच थांबलं तर ताण ठीक आहे. खाली धावलं तर शटरवाल्याला बोलवा. ताण द्यायचं काम मात्र घरी करू नका. पाना निसटला की साठलेला सगळा ताण मनगटावर येतो. बाजूच्या मोटरीवर ही परीक्षा मुळीच नको. तिथे ब्रेक सोडला की शटर खाली येऊ लागतं.

बटण दाबलं, मोटर घुमते, पण शटर हलत नाही. मोटरीला दोष देण्याआधी खाली वाका. कुलूप काढलंय का? ही चूक फार होते, आणि मोटरीचा जोर कुलपाशी भांडला की पट्ट्या वाकतात. मोटर बसवल्यावर खालची कुलपं काढून टाकावीत, नाहीतर कुलूप लागलं असताना मोटर चालूच होणार नाही असा स्विच लावून घ्यावा. कुलूप नसेल तर व्होल्टेज पाहा. संध्याकाळी दिवे मंद असतील तर प्रयत्न थांबवा, कारण घुमत राहिलेली मोटर तापते. व्होल्टेज ठीक असूनही नुसतं घुमणं चालूच असेल तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. तो वीज बंद केल्यावरही झटका देऊ शकतो, म्हणून ते काम इलेक्ट्रिशियनचं. भिंतीवरच्या बटणाने चालतं आणि रिमोटने नाही, तर रिमोटचा सेल बदला. पाच-सहा वेळा लागोपाठ वरखाली केल्यावर मोटर गप्प झाली तर ती तापून थांबलेली असते. अर्धा तास निवू द्या.

शटर वर जाऊन डब्यात घुसतं, किंवा जमिनीला टेकल्यावरही पाइप फिरत राहतो आणि पट्ट्या फुगतात, तेव्हा शटर कुठे थांबायचं ते ठरवणारा लिमिट स्विच सरकलेला असतो. हे लगेच नीट करून घ्या.

धुळीचं काय करायचं? पहिला विचार ग्रीसचा येतो, आणि तोच चुकतो. बाजूच्या पट्टीत, म्हणजे गाइडमध्ये, ग्रीस भरलं की रस्त्याची माती त्यात कालवली जाते आणि शटर जाम होतं. गाइड कोरड्या ब्रशने झाडा. तेल लागतं ते बेअरिंगला आणि मोटरीच्या साखळीला, तेही थोडंसंच. खताच्या दुकानात सांडलेलं खत हवेतलं पाणी ओढतं आणि तळाची पट्टी सगळ्यात आधी गंजते. तिथे रोजची झाडलोट हीच खरी देखभाल. शटर पूर्ण लोखंडाचं असल्याने अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा गळतीरक्षक स्विच यांना पर्याय नाही. ओल्या हाताने शटर धरणाऱ्याचा जीव त्यांवर असतो.

पोरांना वर जाणाऱ्या शटरला लटकायला आवडतं, तर मोठी माणसं खाली येणाऱ्या शटरखालून वाकून पळतात. अमेरिकेत लहान मुलं गॅरेजच्या दारात चिरडून दगावल्यावर कायदा झाला. 1 जानेवारी 1993 पासून तिथे बनणाऱ्या घरगुती मोटरीला अडथळा ओळखून दार परत फिरवण्याची सोय सक्तीची झाली. नेहमीचा उपाय म्हणजे जमिनीपासून 6 इंचांच्या आत समोरासमोर लावलेले दोन सेन्सर. असे सेन्सर आपल्याकडेही मिळतात आणि मी ते घ्याच म्हणेन. काचेवर धूळ किंवा कोळ्याचं जाळं बसलं की शटर बंद व्हायला नकार देतं. फडक्याने पुसलं की चालतं. सेन्सर नसेल तर शटर पूर्ण दिसत असल्याशिवाय रिमोट दाबू नये, आणि तो पोरांच्या हाती देऊ नये.

राहिली लाईट गेल्यावरची गोष्ट. 9 मे 2019 रोजी पुण्याजवळ उरुळी देवाची इथे कापडाच्या दुकानाला आग लागली. आत झोपलेले 5 कामगार गेले. दार बाहेरून बंद होतं. तिथे प्रश्न मोटरीचा नव्हता. पण मोटरीचं शटर वीज नसताना आतून उघडता येत नसेल, तर तेही बंदच दार. म्हणून हाताने ओढायची साखळी किंवा, मोटर मधली असेल तर, क्लचची दोरी आतल्या बाजूला हवी, आणि गाळ्यात रात्री कोणी झोपत असेल तर शटरशिवाय दुसरं दार हवं. घरातल्या प्रत्येकाने मेन स्विच बंद करून एकदा तरी ती साखळी किंवा दोरी ओढून शटर उघडून पाहावं. कांद्याच्या हंगामात गोण्यांची थप्पी नेमकी तिच्यापुढेच लागते; तेवढी हातभर जागा मोकळी ठेवा.