२० रुपयांच्या बाटलीत नेमकं कोणतं पाणी असतं?

अंबाबाईचं दर्शन घेऊन महाद्वार रोडला आलं की घसा कोरडा पडलेला असतो. "काका, एक बिसलेरी द्या." काका दुसऱ्याच कंपनीची बाटली देतात, आपणही 'मिनरल वॉटर आहे ना' म्हणून ती घेतो.

तर बहुतेक वेळा ते मिनरल वॉटर नसतं. बाटलीवर बारीक अक्षरात 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' लिहिलेलं असतं. भारतीय मानक ब्युरोची या दोन्हींसाठी वेगळी मानकं आहेत. मिनरल वॉटर (आयएस १३४२८) नैसर्गिक स्रोतातून आलेलं लागतं. पॅकेज्ड पाणी (आयएस १४५४३) बोअरचंही चालतं, नळाचंही. ते आरओमधून काढतात, निर्जंतुक करतात आणि सील मारतात. आरओमध्ये मूळचे क्षारही बरेचसे निघून जातात, म्हणजे 'मिनरल'च कमी होतात.

वर प्लॅस्टिक. जानेवारी २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या तीन ब्रँडचं पाणी तपासलं, तर लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार सूक्ष्म कण निघाले.

मग बाटली फालतू का? कोल्हापूरकर असं म्हणणार नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी उपसा केंद्रंच बुडाली. दारात पाणी आणि नळाला थेंब नाही. २०२१ मध्ये पुन्हा तेच. तेव्हा टँकर आणि सीलबंद बाटल्यांचाच आधार होता. इचलकरंजीत २०१२ मध्ये दूषित पाण्याने काविळीची साथ आली होती, त्यामुळे इथली नळाच्या पाण्याची धास्ती उगाच नाही.

पण २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईनने शहरात आलं. पूर, साथ नसताना घरचं गाळून उकळलेलं पाणी स्टीलच्या बाटलीत घेऊन निघालात तर काही बिघडत नाही.

आणि रोज आठ ग्लास प्यायलाच हवेत असा काही नियम नाही. ताक, फळं, आमटी यातूनही पाणी मिळतंच. तहान लागली की प्या, लघवी गडद पिवळी दिसली तर जास्त प्या. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच.

बाटली घ्यावीच लागली तर सील, तारीख आणि एफएसएसएआयचा लायसन्स नंबर बघा. उन्हात रचून ठेवलेली घेऊ नका. लग्नात येतात त्या थंडगार जारवर तर बऱ्याचदा यातलं काहीच नसतं, तरी पहिली रांग तिथेच लागते.