कवडीचे मोल

मुलांनो, ‘कवडीमोल’ हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल. कवडी म्हणजे समुद्री गोगलगायीचे कवच. एके काळी मालदीवहून जहाजांतून आलेल्या कवड्या आपल्याकडे नाणी म्हणून चालत. आज आमच्या वाशीम जिल्ह्यात याच कवड्यांवर एक छोटे दुकान चालते. त्याची ही गोष्ट.

मानोरा तालुक्यातले पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथेच. रामनवमीला मोठी यात्रा भरते. 5 ऑक्टोबर 2024 रोजी इथे बंजारा विरासत संग्रहालय सुरू झाले. आलेल्या पाहुण्याला वाटते, आठवण म्हणून काहीतरी घरी न्यावे.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने यात्रेत पाल टाकले. कवड्या, आरसे आणि रंगीत दोरा वापरून हाताने टाके घातलेली कीचेन मांडली. मुलगी म्हणाली, “सर, तीस रुपयाले एक! पंधराचा माल, पंधरा नफा!”

मी म्हटले, “थांब, पाटी घे.”

जागेचे भाडे दिवसाला 100 रुपये. कीचेन खपली 10. म्हणजे प्रत्येकामागे भाडे 10 रुपये. 30 मधून 15 आणि 10 वजा केले, उरले 5. एका कीचेनला आईचा एक तास जातो. म्हणजे दहा तासांची कमाई 50 रुपये! निंदणीला गेली असती तरी याहून जास्त मिळाले असते.

मुलगी गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “आईची मजुरी तं धरलीच नाही!”

दुसऱ्या दिवशी भाव केला 60 रुपये. सोबत चिठ्ठी लावली : ‘तांड्यावर हाताने बनवलेले. वेळ : एक तास.’ शेजारी यंत्रावरची कीचेन 20 रुपयांना होती. काही गिऱ्हाइके तिकडे वळली. आईचा जीव खालीवर! संध्याकाळपर्यंत सहाच खपली.

पण पाटी काय म्हणाली? 360 रुपये आले. माल 90, भाडे 100 गेले. उरले 170, तेही सहा तासांच्या कामाचे. उरलेली चार कीचेन काही नासणार नव्हती. ती पुढच्या दिवशी मांडता आली.

तर दोस्तांनो, हाताने केलेली वस्तू घेताना घासाघीस करण्याआधी तिच्यात किती तास गेले ते जरूर विचारा. आणि हो, घरी आई दिवसभर जे काम करते, त्याचा हिशेब आज पाटीवर मांडून पाहा बरे!